पॅचिंग स्वयंचलित करताना: यादीपासून रीबूटपर्यंत

७ एप्रिल २०१४ ला ओपनएसएसएल या, इंटरनेटवरचा मजकूर कूटबद्ध करणाऱ्या लायब्ररीतली (अनेक सॉफ्टवेअर वापरतात त्या तयार कोडमधली) हार्टब्लीड ही त्रुटी जाहीर झाली. एका विनंतीमागे सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर बाहेरच्या कुणालाही वाचता येत होता. त्यात पासवर्ड असू शकत होते, कूटलेखनाची खासगी की (किल्ली) असू शकत होती. मी तेव्हा सांभाळत असलेल्या सगळ्या लिनक्स सर्व्हरवर दुरुस्त पॅकेज येताक्षणी बसवलं. प्रत्येक मशीनवर आवृत्ती तपासली, नवीच होती. दुसऱ्या दिवशी बाहेरून चाचणी घेतली, तर मेल सर्व्हरमधून मेमरी अजून गळतच होती. डिस्कवरची लायब्ररी बदलली होती, पण मेल सर्व्हरची प्रोसेस कित्येक आठवड्यांपूर्वी सुरू झालेली, आणि तिने मेमरीत धरलेली लायब्ररी जुनीच होती. सेवा रीस्टार्ट करायची राहिली होती.

पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधली त्रुटी दुरुस्त करणारं अपडेट, बसवणं हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. तो खरंच लागू झाला का हे कळणं, आणि बिघाड दिसला की पुढच्या मशीनकडे जाण्याआधी थांबणं, ही दोन कामंसुद्धा आपोआप व्हायला हवीत. ‘ऑटो-अपडेट चालू’ एवढंच केलं तर यातलं एकही होत नाही. म्हणून खाली ज्या पायऱ्या देतो आहे, त्यांत बसवण्याच्या कमांडपेक्षा तिच्या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टी जास्त आहेत.

आधी यादी

जे माहीत नाही ते पॅच होत नाही. तुमच्याकडे कोणती मशीन आहेत, त्यांवर कोणती ऑपरेटिंग सिस्टम आहे आणि कोणतं सॉफ्टवेअर आहे, याची यादी यंत्रानेच बनवायला हवी आणि रोज ताजी व्हायला हवी. हाताने ठेवलेली स्प्रेडशीट महिन्याभरात शिळी होते. प्रत्येक मशीनवर एक छोटा एजंट किंवा रोज चालणारी स्क्रिप्ट ठेवा. ती पॅकेजची नावं, आवृत्त्या, चालू कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) आणि शेवटच्या रीबूटची तारीख मध्यवर्ती ठिकाणी पाठवेल. नंतर नेटवर्क स्कॅन करून यादीत नसलेली मशीन शोधा. पहिल्याच स्कॅनमध्ये काही ना काही सापडतंच.

सॉफ्टवेअरचे थर वेगळे ओळखा. ऑपरेटिंग सिस्टमच्या पॅकेज मॅनेजरने बसवलेलं सॉफ्टवेअर पॅच करणं सोपं. इन्स्टॉलर डाउनलोड करून स्वतंत्र बसवलेले ब्राउझर, पीडीएफ रीडर, जावा हे त्याच्या नजरेत येत नाहीत. सर्वांत खोल थर म्हणजे ॲप्लिकेशनच्या पोटातल्या लायब्ररी. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या, जावा प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीची त्रुटी बाहेर आली तेव्हा अनेकांचा पहिला प्रश्न ‘पॅच कसा लावू’ हा नव्हताच. ‘ही लायब्ररी माझ्याकडे कुठे कुठे आहे’ हेच त्यांना माहीत नव्हतं. ती जार फाइलच्या (जावा प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याच्या) आत आणखी एका जार फाइलमध्ये दडलेली असायची. त्यात पहिली दुरुस्ती अपुरी ठरली आणि २.१५ नंतर २.१६ आणि २.१७ अशा आवृत्त्या त्याच महिन्यात आल्या. ज्यांच्याकडे घटकांची यादी होती त्यांना तोच शोध तीनदा घ्यावा लागला नाही. तुमची स्वतःची ॲप्लिकेशन असतील तर प्रत्येक बिल्डबरोबर घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, तयार करून साठवा.

या यादीत दोन रकाने हमखास सुटतात, ते घाला. एक, मशीनचा जबाबदार माणूस. रात्री दोनला सेवा उठली नाही तर कुणाला उठवायचं, हे त्या वेळी शोधत बसू नये. दुसरा, सपोर्ट कधी संपतो त्याची तारीख. हा रकाना नसेल तर स्वयंचलित व्यवस्था फसवते. ज्या सिस्टमचा सपोर्ट संपला तिला नवे पॅच येतच नाहीत, म्हणून ‘प्रलंबित अपडेट: शून्य’ असं दिसतं आणि मशीन हिरव्या रंगात झळकतं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सपोर्ट न घेतलेलं त्याचं मशीन तुमच्या अहवालात ‘अद्ययावत’ दिसत असेल तर तो अहवाल दुरुस्त करा.

किती दिवसांत, हे शांतपणे ठरवा

ईटर्नलब्लू या हल्ल्याला वाट देणारी विंडोजमधली त्रुटी मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दुरुस्त केली. तीच वापरून वॉनाक्राय हा खंडणी मागणारा प्रोग्रॅम १२ मे २०१७ ला पसरला. मध्ये ५९ दिवस होते. एवढ्या अवधीत पॅच न लागण्याचं कारण बहुतेक ठिकाणी तांत्रिक नसतं. ‘कधीपर्यंत’ हे कुणी ठरवलेलं नसतं, एवढंच. म्हणून मुदत आधी लिहून ठेवा आणि तीच स्वयंचलित व्यवस्थेत घाला.

मुदत ठरवताना नुसत्या सीव्हीएसएस गुणांवर जाऊ नका. ० ते १० मधला तो आकडा त्रुटी किती गंभीर आहे हे सांगतो. ती वापरून कुणी प्रत्यक्ष हल्ला करतंय का, हे त्यातून कळत नाही. नऊच्या वरचे गुण मिळालेल्या त्रुटी इतक्या असतात की सगळंच तातडीचं होतं आणि मग काहीच तातडीचं उरत नाही. त्याच्या जोडीला दोन गोष्टी वापरा. अमेरिकेची सायबरसुरक्षा संस्था सिसा नोव्हेंबर २०२१ पासून प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी चालवते. ती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मोफत मिळते, त्यामुळे तुमच्या सॉफ्टवेअर-यादीशी रोज आपोआप ताडून पाहता येते. दुसरी गोष्ट म्हणजे ईपीएसएस. पुढच्या ३० दिवसांत एखादी त्रुटी वापरली जाण्याची शक्यता ते ० ते १ मध्ये सांगतं.

मी वापरतो तो नियम असा: मशीन इंटरनेटला उघडं आहे आणि त्रुटी सिसाच्या यादीत आहे, तर ४८ तास. यातली एकच अट लागू असेल तर ७ दिवस. बाकीचे सुरक्षा-पॅच ३० दिवसांत. तुमचे आकडे वेगळे असू शकतात, पण कोणत्याही मशीनला ‘मुदत नाही’ असं म्हणायची सोय ठेवू नका. अपवाद हवाच असेल तर त्याला कारण, मंजुरी देणाऱ्याचं नाव आणि संपण्याची तारीख हवी. ती तारीख उलटली की अपवाद आपोआप रद्द व्हावा.

गट पाडा आणि सगळ्यांना तीच आवृत्ती द्या

सगळी मशीन एकाच रात्री अपडेट करू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीची एक सदोष फाइल जगभर गेली. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली आणि त्यांतली असंख्य हाताने उभी करावी लागली. अनेक ग्राहकांनी टप्प्याटप्प्याने अपडेट घ्यायची सेटिंग केलेली होती, पण ती सेन्सरच्या, म्हणजे प्रत्येक मशीनवर बसणाऱ्या त्यांच्या प्रोग्रॅमच्या, आवृत्तीला लागू होती. या प्रकारच्या फाइलला नव्हती. तुमच्याकडच्या प्रत्येक साधनाबद्दल हाच प्रश्न विचारा: माझी टप्प्यांची सेटिंग नक्की कोणकोणत्या अपडेटना लागू होते?

तीन गट पुरतात. पहिल्या गटात पाच टक्क्यांच्या आसपास मशीन घ्या, पण ती खरी वापरातली असावीत. कोपऱ्यात धूळ खाणाऱ्या चाचणी-सर्व्हरवर काहीही बिघडत नाही, कारण त्याच्यावर काही चालतच नाही. प्रत्येक प्रकारचं किमान एक मशीन इथे हवं: एक वेब सर्व्हर, एक डेटाबेसची रेप्लिका (दुसरी प्रत), हिशेब विभागातला एक लॅपटॉप, प्रिंटर जोडलेला एक संगणक. एका दिवसाने दुसरा गट, त्यात तीस टक्के. आणखी तीन दिवसांनी बाकीचे. एखाद्या जोडीतली किंवा क्लस्टरमधली (एकच काम वाटून घेणाऱ्या समूहातली) सगळी मशीन एकाच गटात कधीही टाकू नका.

इथे एक बारीक फट राहते. पहिला गट सोमवारी अपडेट झाला आणि तिसरा शुक्रवारी, आणि दोघांनीही सार्वजनिक रिपॉझिटरीतून (पॅकेजच्या ऑनलाइन साठ्यातून) पॅकेज घेतली, तर शुक्रवारपर्यंत तिथे नवी पॅकेज आलेली असतात. म्हणजे सोमवारी तपासलं ते एक आणि शुक्रवारी मोठ्या संख्येने बसलं ते दुसरंच. गट पाडण्याचा अर्थच त्यामुळे संपतो. उपाय म्हणजे स्वतःचा मिरर, म्हणजे रिपॉझिटरीची आपल्याकडची प्रत, आणि त्याचा तारखेनिशी गोठवलेला स्नॅपशॉट. लिनक्सच्या डेबियन परिवारासाठी ॲप्टली, रेड हॅट परिवारासाठी पल्प ही साधनं आहेत. सोमवारी स्नॅपशॉट घ्या, पहिला गट त्याच्याकडे वळवा, आणि ठीक चाललं तर तोच स्नॅपशॉट पुढच्या गटांना द्या. मशीन पाच-सातच असतील तर मिररचा पसारा मांडू नका. पहिल्या गटाने बसवलेल्या आवृत्त्यांची यादी जतन करा आणि इतरांवर तंतोतंत त्याच आवृत्त्या मागा.

सुरक्षा-दुरुस्ती आणि नवी आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही धोरणात लिहा. २९ मार्च २०२४ ला एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांमध्ये मुद्दाम पेरलेलं मागचं दार उघडकीला आलं. डेबियनच्या चाचणी शाखांमध्ये त्या पोहोचल्या होत्या, स्थिर शाखेत नव्हत्या. सुरक्षा-दुरुस्त्या झटपट आपोआप घ्या. नव्या आवृत्त्यांसाठी थांबा.

डेबियन आणि उबुंटू

इथलं साधन अनअटेंडेड-अपग्रेड्स. उबुंटूवर ते बहुधा आधीपासून असतं आणि सुरक्षा-अपडेट बसवत असतं. डेबियनवर पॅकेज बसवून डीपीकेजी-रीकॉन्फिगर या कमांडने चालू करा. ॲप्टच्या (इथल्या पॅकेज मॅनेजरच्या) सेटिंग-फोल्डरमध्ये दोन फाइल महत्त्वाच्या. २० ने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये याद्या ताज्या करणं आणि अपग्रेड चालवणं, दोन्हींसमोर १ हवा. ५० ने सुरू होणाऱ्या फाइलमध्ये खरं धोरण असतं.

या दुसऱ्या फाइलमध्ये कोणत्या स्रोतातून अपडेट घ्यायचे ते लिहिलेलं असतं. उबुंटूवर त्याचं नाव अलाउड-ओरिजिन्स, डेबियनवर ओरिजिन्स-पॅटर्न. बहुतेकांची चूक इथे होते. डेटाबेस किंवा कंटेनर-इंजिनसाठी तुम्ही उत्पादकाची स्वतंत्र रिपॉझिटरी जोडली असेल तर ती या यादीत आपोआप येत नाही. साधन रोज चालतं, ‘यशस्वी’ म्हणतं आणि नेमकं इंटरनेटला उघडं असलेलं सॉफ्टवेअर जुनंच राहतं. ॲप्ट-कॅशे पॉलिसी ही कमांड चालवून प्रत्येक स्रोताचं ओरिजिन पाहा आणि हवे ते यादीत घाला.

पॅकेज-ब्लॅकलिस्टमध्ये आपोआप अपडेट नको असलेली पॅकेज लिहितात. तिथली नावं रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे जुळणीचा नमुना, म्हणून वाचली जातात, म्हणून एक आखूड नाव लिहून दहा पॅकेज अडवली जाऊ शकतात. ॲप्ट-मार्क होल्डने अडवलेली पॅकेजही इथेच मोजा. होल्ड ही उधारी आहे. कधी फेडणार, ती तारीख अपवादांच्या यादीत लिहा.

आणखी दोन अडथळे वारंवार येतात. तुम्ही एखादी कॉन्फिगरेशन फाइल बदललेली असेल आणि नव्या पॅकेजमध्येही ती बदलली असेल, तर डीपीकेजी, म्हणजे पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं साधन, विचारतं की कोणती ठेवू. रात्री उत्तर द्यायला कोणी नसतं, म्हणून अनअटेंडेड-अपग्रेड्स ते पॅकेज बाजूला ठेवतं. डीपीकेजीला फोर्स-कॉन्फडेफ आणि फोर्स-कॉन्फओल्ड हे पर्याय दिले की तुमची फाइल राखून अपडेट पुढे जातं. त्यानंतर डीपीकेजी-डिस्ट या शेपटाच्या फाइल शोधून फरक पाहत चला. दुसरा अडथळा म्हणजे बूटचं वेगळं पार्टिशन जुन्या कर्नलनी भरणं. ते भरलं की कर्नलचं अपडेट अर्धवट राहतं आणि पुढचं प्रत्येक अपडेट अडकतं. न वापरलेले कर्नल काढण्याचा पर्याय चालू ठेवा आणि त्या पार्टिशनच्या जागेवर इशारा लावा.

वेळेबद्दल. सिस्टमडीचा (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेचा) टायमर अपग्रेड सकाळी ६ नंतरच्या तासाभरात कधीतरी चालवतो. वेळ बदलायला मूळ फाइलला हात लावू नका, वरून जोडणारी फाइल बनवा. तिच्यात आधी ऑनकॅलेंडर हे रिकामं लिहा आणि दुसऱ्या ओळीत नवी वेळ द्या. रिकामी ओळ विसरलात तर जुनी वेळ पुसली जात नाही आणि काम दोन्ही वेळांना चालतं. हा टायमर चुकलेली वेळ लक्षात ठेवतो, हेही ध्यानात असू द्या. रात्रभर बंद असलेलं मशीन सकाळी सुरू केलं की अपग्रेडही लगेच सुरू होऊ शकतं.

चालू करण्याआधी अनअटेंडेड-अपग्रेड ही कमांड ड्राय-रन (प्रत्यक्ष न बसवता तालीम) आणि डीबग या पर्यायांसह चालवा. कोणतं पॅकेज का घेतलं आणि का सोडलं, हे ती ओळीओळीने सांगते. हे आउटपुट नीट वाचण्यात घातलेला अर्धा तास वाया जात नाही.

रेड हॅट परिवारात डीएनएफ-ऑटोमॅटिक हे साधन आहे. त्यात अपग्रेड-टाइप ‘सिक्युरिटी’ ठेवा आणि अप्लाय-अपडेट्स ‘येस’ करा. मूळ सेटिंगमध्ये ते ‘नो’ असतं, म्हणजे टायमर चालतो, पॅकेज डाउनलोड होतात आणि बसत मात्र नाहीत. शिवाय ‘सिक्युरिटी’ची गाळणी रिपॉझिटरीत सुरक्षेची माहिती जोडलेली असेल तरच काम करते. ती नसलेल्या रिपॉझिटरीतलं काहीच गाळणीतून पुढे येत नाही. अशा ठिकाणी सगळी अपडेट घेणं जास्त सुरक्षित.

विंडोज

मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, ही पद्धत ऑक्टोबर २००३ पासूनची. त्यामुळे वेळापत्रक आखणं सोपं वाटतं, पण ‘दुसरा शनिवार’ असं वेळापत्रक लावू नका. कित्येक महिन्यांत दुसरा शनिवार दुसऱ्या मंगळवारच्या आधीच येतो आणि तुम्ही गेल्या महिन्याचेच पॅच लावत बसता. ‘तिसरा शनिवार’ म्हणालात तर तो कधी ४ दिवसांनी येतो, कधी ११ दिवसांनी. मंगळवारपासून दिवस मोजा: पहिला गट त्याच दिवशी, दुसरा ३ दिवसांनी, तिसरा ७ दिवसांनी.

हे विंडोजच्या ग्रुप पॉलिसीतून किंवा मायक्रोसॉफ्टच्या इन्ट्यून या व्यवस्थापन-साधनातून करता येतं. मासिक क्वालिटी अपडेट ३० दिवसांपर्यंत आणि फीचर अपडेट ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतात. पण नुसतं ढकलणं पुरेसं नाही. डेडलाइन आणि ग्रेस पीरियड ही जोडी लावली नाही तर वापरणारा ‘नंतर रीस्टार्ट करा’ दाबत महिना काढतो. मी डेडलाइन २ दिवस आणि ग्रेस २ दिवस ठेवतो. दोन दिवस सूचना मिळूनही कामाच्या मधोमध रीस्टार्ट झाला तर लोक रागावतात, म्हणून ही पॉलिसी लावण्याआधी ती का लावतोय हे सांगणारा एक साधा संदेश सगळ्यांना पाठवा. हे काम कुठल्याही सेटिंगइतकंच महत्त्वाचं आहे.

डब्ल्यूएसयूएस हा मायक्रोसॉफ्टचा अपडेट वाटणारा सर्व्हर वापरत असाल तर ते चालू राहील, पण सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यात नवी भर घालणं थांबवल्याचं जाहीर केलं. नवी उभारणी त्याच्यावर करू नका. आणि विंडोज अपडेट इतर कंपन्यांचे ब्राउझर किंवा कॉम्प्रेशन साधनं पॅच करत नाही. त्यासाठी विनगेट हा विंडोजचा पॅकेज मॅनेजर रोज चालवा किंवा व्यवस्थापन-साधनाचा तसा विभाग वापरा.

सर्व्हर एकामागून एक

दहापेक्षा जास्त सर्व्हर असतील आणि ते एकमेकांवर अवलंबून असतील, तर प्रत्येकाने आपापल्या टायमरवर अपडेट होणं धोक्याचं. क्रम लागतो. अन्सिबलसारखं, अनेक मशीनवर क्रमाने कामं चालवणारं साधन इथे घ्या. एका सर्व्हरचा प्रवास असा लिहा: लोड बॅलन्सरमधून (सर्व्हरांमध्ये विनंत्या वाटणाऱ्या साधनातून) काढा, चालू विनंत्या संपू द्या, अपडेट करा, रीबूट करा, आरोग्य-तपासणी करा, परत जोडा. तपासणीत अपयश आलं तर तो सर्व्हर बाहेरच ठेवा आणि संपूर्ण काम थांबवा.

अन्सिबलमध्ये सिरियल ही सेटिंग एका वेळी किती मशीन घ्यायची ते ठरवते आणि मॅक्स-फेल-पर्सेंटेज किती अपयशांनंतर थांबायचं ते. ही टक्केवारी ओलांडली गेली तरच काम थांबतं, गाठली गेली तर नाही. चारच्या तुकडीत दोन पडल्यावर थांबायचं असेल तर ५० लिहून चालत नाही, ४९ लिहावं लागतं. माझा आग्रह शून्याचा असतो. एक पडलं की थांबायचं.

आरोग्य-तपासणी खरं काम करून बघणारी हवी. पोर्ट उघडा आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही. वेब ॲप्लिकेशन असेल तर लॉगिन करून डेटाबेसमधली एक नोंद वाचा. मेल सर्व्हर असेल तर एक पत्र पाठवा आणि ते पोहोचलं का पाहा. डेटाबेसच्या जोडीत आधी रेप्लिका पॅच करा, ती मुख्य डेटाबेसच्या बरोबरीला आली की मुख्य भूमिका तिच्याकडे द्या आणि मगच जुन्या मुख्य सर्व्हरला हात लावा.

कंटेनर, म्हणजे ॲप्लिकेशन आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या पेट्या, या क्रमात येत नाहीत. चालत्या कंटेनरच्या आत शिरून पॅच करू नका. मूळ इमेज (कंटेनरचा साचा) दर आठवड्याला नव्याने बांधली जाईल अशी बिल्ड लावा आणि जुने कंटेनर बदला. ते ज्या होस्टवर चालतात त्याचं कर्नल मात्र वरच्याच पद्धतीने पॅच करावं लागतं.

रीबूट

आता पुन्हा हार्टब्लीडच्या धड्याकडे. डेबियन आणि उबुंटूवर रीबूट लागणार असेल तर रन फोल्डरमध्ये रीबूट-रिक्वायर्ड नावाची फाइल तयार होते आणि कोणत्या पॅकेजमुळे हवा ते शेजारच्या फाइलमध्ये असतं. रेड हॅट परिवारात नीड्स-रीस्टार्टिंग ही कमांड तेच सांगते. सेवांसाठी नीडरीस्टार्ट हे साधन बसवा. जुन्या लायब्ररी धरून बसलेल्या प्रोसेस ते शोधतं. नुसती यादी द्यायची, विचारायचं की आपोआप रीस्टार्ट करायचं, हे तुम्ही ठरवता. साध्या सेवा आपोआप रीस्टार्ट करा. डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सेवा त्यातून वगळून क्रमाच्या कामात घाला.

अनअटेंडेड-अपग्रेड्समध्ये आपोआप रीबूट मुळात बंद असतो. चालू करताना वेळही द्या, नाहीतर गरज भासताच मशीन रीबूट होतं. आणि सगळ्यांना दोनची एकच वेळ देऊ नका. गटागटाने वेळा वाटा.

एक काम मी कुठल्याही नव्या ठिकाणी सर्वांत आधी करतो: पॅच न लावता रीबूट. वर्षभर बंद न झालेल्या मशीनवर पॅच लावून रीबूट केलं आणि ते उठलं नाही, तर दोष पॅचचा की वर्षभरात कुणीतरी हाताने केलेल्या बदलाचा, हे कळत नाही. एखादी सेवा हाताने सुरू केलेली असते आणि बूटच्या वेळी सुरू होण्याच्या यादीत नसते. एखादी डिस्क हाताने माउंट केलेली असते. म्हणून सगळ्या मशीनना दिवसाउजेडी, माणूस समोर असताना, नुसतं रीबूट करून बघा. जे उठत नाहीत ते दुरुस्त करा. रात्रीचं काम त्यानंतर यंत्राला द्या.

लाइव्ह पॅचिंगने कर्नलच्या बऱ्याच सुरक्षात्रुटी रीबूटशिवाय झाकता येतात. त्याने मुदत मिळते, रीबूट टळत नाही. ओपनएसएसएल किंवा जीलिबसीसारख्या कर्नलबाहेरच्या लायब्ररींना कर्नलचं लाइव्ह पॅचिंग हातही लावत नाही.

अहवाल न येणं हाच इशारा

‘काही चुकलं तर ईमेल पाठव’ अशी सेटिंग पुरत नाही. टायमर बंद पडला, डिस्क भरली, नेटवर्क तुटलं, तर चूक घडलीच नाही असं वाटतं, कारण ईमेल पाठवणारं कामच चाललेलं नसतं. उलटं करा. प्रत्येक मशीनने यशस्वी फेरीनंतर ‘झालं’ अशी नोंद मध्यवर्ती ठिकाणी पाठवावी आणि ४८ तासांत ती आली नाही तर तिथून इशारा निघावा. नोंदीत चार गोष्टी पुरतात: शेवटच्या यशस्वी फेरीची वेळ, प्रलंबित सुरक्षा-पॅचची संख्या, रीबूट बाकी आहे का आणि चालू कर्नलची आवृत्ती.

पडताळणी बसवणाऱ्या साधनाकडून करून घेऊ नका. बसवणारा स्वतःला पूर्ण गुण देतो. आठवड्यातून एकदा वेगळ्या स्कॅनरने पाहा. दोघांच्या यादीतला फरक हाच तुमचा त्या आठवड्याचा अभ्यास. आणि सरासरी दाखवणारा तक्ता भिंतीवर लावू नका. ९८ टक्के मशीन अद्ययावत आहेत यात समाधान मानलं तर उरलेल्या दोन टक्क्यांत तीच तीच मशीन महिनोनमहिने बसून राहतात. सर्वांत जुना प्रलंबित पॅच किती दिवसांचा आहे, तो एकच आकडा वर ठेवा.

मागे यायची वाट

अपडेटच्या आधी व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट आपोआप घ्या आणि तीन दिवसांनी आपोआप काढून टाका. पडून राहिलेले स्नॅपशॉट फुगत जातात आणि साठवण भरली की चालती मशीन थांबतात. डेटाबेसच्या मशीनवर स्नॅपशॉटला परतणं म्हणजे मधल्या तासांच्या नोंदी गमावणं. तिथे डेटा वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि फक्त सिस्टमची डिस्क मागे न्या. स्नॅपशॉट बॅकअपची जागा घेत नाही.

पॅकेजच्या पातळीवर डीएनएफला इतिहासातला व्यवहार उलटवता येतो. ॲप्टच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये तशी एका फटक्यातली सोय नाही. जुनी आवृत्ती नावानिशी मागावी लागते आणि ती मिळायला हवी, म्हणून रिपॉझिटरीचे गोठवलेले जुने स्नॅपशॉट किमान तीन महिने जपा. कर्नल बिघडलं तर ग्रबमधून (बूटच्या वेळच्या मेनूमधून) आधीचं निवडता येतं, पण त्यासाठी मशीनच्या कन्सोलपर्यंत दुरून पोहोचता यायला हवं. ती वाट आधी तपासा. आणि दर तीन महिन्यांनी एक मशीन मुद्दाम मागे नेऊन पाहा. किती मिनिटं लागली ते लिहा.

थांबवायचं बटण

शेवटची पायरी लहान आहे, पण तिच्याशिवाय मी कोणतीही व्यवस्था चालू करत नाही. सगळ्या मशीनवरचं पॅचिंग एका जागेवरून थांबवता यायला हवं. प्रत्येक फेरी सुरू होण्याआधी मशीनने मध्यवर्ती ठिकाणची एक छोटी फाइल वाचावी. ‘थांबा’ असेल तर काही न करता नोंद पाठवून बाहेर पडावं. फाइल वाचताच आली नाही तरी थांबावं. तातडीच्या पॅचसाठी वेगळी वाट बांधू नका. तीच वाट, तेच गट, तीच तपासणी वापरा, फक्त मधले दिवस तासांवर आणा. वर्षातून एकदा वापरली जाणारी वाट नेमकी गरजेच्या रात्री मोडलेली निघते.

ज्या मध्यवर्ती मशीनवरून हे चालतं त्याला सगळ्यांवर रूटचे (सर्वोच्च) अधिकार असतात, म्हणून त्यावर दुसरं काहीही चालवू नका, दुहेरी ओळखपडताळणी लावा आणि ते स्वतःही पहिल्या गटात पॅच करा. आणि ‘थांबा’ लिहिताना त्याच ओळीत तारीख, कारण आणि थांबवणाऱ्याचं नाव सक्तीचं ठेवा. सात दिवस उलटले की स्क्रिप्टने तो थांबा अमान्य धरावा आणि थांबवणाऱ्या माणसाला तसं कळवून पॅचिंग पुन्हा सुरू करावं.